गाळलेल्या अकरा नोंदी

६ जानेवारी, सोमवार

सुचित्राने केमो बंद करायचं ठरवलं त्याला आज तीन आठवडे झाले. ठरवलं म्हणजे तिने डॉक्टरांना परस्पर सांगितलं आणि गाडीत बसल्यावर मला कळवलं. मी पस्तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर मायक्रोस्कोपखाली इतक्यांदा पाहिलाय की वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. हॉस्पिसवाल्यांनी, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन सांभाळणाऱ्यांनी, दिवाणखान्यात पलंग लावून दिलाय. नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी येते.

उरलेल्या वेळात माणसाने करायचं काय? सीनियर सेंटरमध्ये मी तीन वर्षं स्पॅनिश शिकलो. तिथल्या बाई म्हणाल्या, एवढं वाचता येतंय तर मेक्सिकोची जुनी दफ्तरं उतरवायला घ्या. जन्ममृत्यूच्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदी स्कॅन करून वेबसाइटवर ठेवल्यात. आपण वाचायच्या आणि नावं खान्यांत भरायची, म्हणजे ज्यांना आपले पणजोबा शोधायचेत त्यांना ते सापडतात. पगार नाही, साहेब नाही. जन्म, लग्न, मृत्यू यांतलं काय हवं ते निवडा म्हणाले. मी मृत्यू निवडले. निदान विषय तरी सवयीचा.

ही डायरीची कल्पना सावनीची. शिकागोहून रोज फोन करते. "बाबा, तुम्ही कोणाशीच बोलत नाही. ॲट लीस्ट लिहून काढा." म्हणून हे लिहितोय. मला काही साहित्यिक व्हायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली बॅच पुरी केली. झाकातेकास प्रांतातलं एक खेडं, साल १८९९. कारकुनाचं अक्षर मिरजेला आम्हाला सर्जरी शिकवणाऱ्या सरांपेक्षा कितीतरी बरं. मजकूर साचेबंद असतो. सकाळी दहा वाजता माझ्यासमोर नागरिक अमका हजर झाला, वय इतकं, धंदा मजुरी, आणि म्हणाला की काल पहाटे त्याची मुलगी तमकी, वय इतकं, तापाने वारली. मग दोन साक्षीदार. मग पुरायच्या जागेची चिठ्ठी दिल्याचं लिहितात. आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एकच ओळ असते, की हजर झालेल्याला सही येत नाही म्हणून त्याने केली नाही.

आपण भरायचे खाने मोजकेच. मयताचं नाव, वय, तारीख, आईबापांची नावं. मृत्यूचं कारण भरायला खानाच नाही, याला काय म्हणावं. नियम मात्र मला पसंत पडला. दिसतं तेवढं लिहा, अंदाज करू नका, सुधारायला जाऊ नका. हे मला कोणी शिकवायला नको, जन्मभर दुसरं काही केलं नाही.

सुचित्राने पलंगावरून विचारलं, "काय सापडलं?"

"देवीची साथ. एका आठवड्यात चौदा."

"तुम्हाला मेलेली माणसं बरी सापडतात," ती म्हणाली आणि कूस बदलली. दुखत असेल. मॉर्फीनचे चार थेंब दिले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रेणू तिळगूळ घेऊन आली. आमच्याच गावात, श्रूजबरीत राहते, मराठी मंडळाच्या पहिल्या गणपतीपासूनची सुचित्राची मैत्रीण. सुचित्राने जिभेवर एक तीळ ठेवला आणि हसून रुमालात काढून टाकला. आता गिळवत नाही.

रेणूने माझ्या स्क्रीनकडे पाहून विचारलं, हे काय आरंभलंय. मी नीट समजावून सांगितलं. परोपकाराचं काम आहे, जगात कुठेतरी कुणालातरी आपला माणूस सापडणार आहे. सुचित्रा म्हणाली, "अगं, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. यांचं पहिल्यापासून असंच आहे." दोघी हसल्या. मीही हसलो. आजारी माणसाला थोडं चालवून घ्यावं लागतं.

२० जानेवारी, सोमवार

नवीनच निघालंय. सुचित्राला आता पुस्तक धरवत नाही, टीव्हीचा आवाज सोसत नाही. परवा म्हणाली, ते तुमचं मेक्सिकोचं वाचून दाखवा. मी स्पॅनिश वाचून मराठी करत जातो. तिने वीस वर्षं हायस्कुलात केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे उलटतपासणी घेतल्याशिवाय एक ओळ पुढे जाऊ देत नाही. साक्षीदार कोण असतात? बहुतेक कचेरीबाहेर बसणारे. बायका का हजर होत नाहीत? बाळंतीण कशी येईल. सहाव्या वर्गाची जागा म्हणजे काय?

म्हटलं, कबरस्तानात जागेचे वर्ग असतात. पहिला वर्ग श्रीमंतांचा. सहावा गरिबांचा, तो फुकट.

"म्हणजे ज्याच्याकडे काही नाही त्यालाही जागा मिळाली, आणि तसं कागदावर लिहिलंय."

"लिहिलंय. पण आपल्याला ते भरायचं नसतं. खाना नाही."

"खाना नाही," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले. झोपली असेल असं समजून मी पुढची बॅच उघडली, तर म्हणाली, "थांबलात का? वाचा."

२८ जानेवारी, मंगळवार

आज डोकं फिरलंय.

बॅच परत आली. आपलं काम कोणीतरी तपासतं. माझी तपासनीस ॲरिझोनातली कोणी बाई आहे. तिने टीप लिहिली की तुम्ही अकरा नोंदी गाळल्या आहेत. गाळल्या म्हणजे काय नजरचुकीने नव्हेत, मी समजून उमजून गाळल्या. ती सगळी दोन तासांची, एक दिवसाची, तीन दिवसांची मुलं होती. कारकुनानेच लिहिलंय, "नाव न ठेवलेलं मूल." मी तिला कळवलं, ही सगळी खटपट नावं शोधता यावीत म्हणून आहे. ज्याचं बारसंच झालं नाही त्याची नोंद कशाच्या आधारावर करायची आणि शोधणार कोण?

तासाभरात उत्तर. "नाव नसलं तरी मुलाला आई असते, वडील असतात, वय असतं आणि तारीख असते. ते सर्व भरावं. नावाचा खाना कोरा म्हणून खूण करावी. कृपया अकराही नोंदी पुन्हा कराव्यात."

कृपया! मी हजारो शवविच्छेदनांचे रिपोर्ट सह्या करून दिले, आजवर एक परत आला नाही. लॅपटॉप बंद करून ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेलो.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी सुचित्राला मीच सांगितलं. म्हटलं, जरा करमणूक होईल तिची. ती ऐकून म्हणाली, "किती गाळल्या?"

"अकरा."

"वाचा."

"सगळ्या?"

"मग काय अर्ध्या?"

वाचल्या. तिसऱ्या नोंदीत बापाचं नाव अनास्तासियो, वय बावीस, मजूर, गावाबाहेरच्या राँचवर राहणारा. मुलगा दोन तासांचा. मी उगाच हुशारी करून सांगितलं की नकाशात पाहिलं तर त्या राँचपासून कचेरी तीन तास चालण्याच्या अंतरावर आहे. सहाव्या वर्गाची जागा, फुकट, चिठ्ठी दिली. सही येत नाही.

"दोन तासांच्या पोरासाठी बाप तीन तास चालत गेला," सुचित्रा म्हणाली. "आणि तुम्ही त्याला गाळलंत."

मी म्हटलं, भरतो आता. संध्याकाळपर्यंत अकराही भरल्या.

तिच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. आमचा पहिला मुलगा ११ फेब्रुवारी १९७९ ला झाला आणि २० ला गेला. हृदयाची डावी बाजू तयार झालेली नव्हती. त्या काळात त्यावर काही करता येत नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, तो दहाव्या दिवशीच गेला, म्हणून दाखल्यावर "बेबी बॉय" आणि आडनाव एवढंच आहे. मी मिरजेला आईला ट्रंक कॉल लावला होता. ती म्हणाली, दात न आलेल्या लेकराला विधी नसतात, सुतक नसतं, तुम्ही तरुण आहात, मागे वळून पाहू नका. सुचित्रा तेव्हा बाळंतपणातल्या तापाने तिसऱ्या मजल्यावर पडून होती. मी त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. जी व्यवस्था करायची ती मी केली.

टेकडीवरच्या सेमेटरीत, मागच्या कुंपणाशी, मेपलच्या झाडाखाली. सुचित्रा दर वीस फेब्रुवारीला तिथे जाऊन येते. माझं सहसा जाणं होत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सावनी आली. ऑफिसातून सुट्टी काढलीय, आता शेवटपर्यंत राहणार. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आंब्याच्या रसाचा डबा आणला. आईने चमचाभर खाल्ला आणि तो पोटात राहिलाही.

दुपारी सुचित्राने दोघांना जवळ बसवून घेतलं. आवाज बारीक झालाय, पण शब्द स्पष्ट. म्हणाली, नाशिकला बिशिकला कोणी जायचं नाही. माझी अर्धी राख बाळापाशी पुरायची. उरलेली अर्धी सावनी ठरवेल तिथे.

मी म्हटलं, बघू.

"बघू काय, बाबा?" सावनी म्हणाली. "त्यांची परमिशन लागेल. प्लॉट नंबर काय आहे? मी ऑफिसला कॉल करते."

कागद शोधावे लागतील म्हटलं. बेसमेंटमध्ये जाऊन तासभर खोकी उघडली. तिथे काही नाही हे मला माहीत होतं, पण खोकी उघडली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज दोनशे चार नोंदी. आजवरचा उच्चांक. ॲरिझोनाच्या बाईंनी उत्तम काम म्हणून शेरा दिला.

सावनीने येऊन लॅपटॉपचं झाकण लावलं. "बाबा, आई दहा फुटांवर आहे." मी म्हटलं, ती झोपलीय. "ती झोपलेली नाहीये. ती तुमच्याकडे बघतेय." बसलो जाऊन तासभर. सुचित्राने माझा हात धरला, तिचा हात गरम होता. म्हणाली, "कागद सापडले?"

म्हटलं, शोधतोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नर्स नको म्हणाली होती, मी नको म्हणालो होतो. सुचित्रा म्हणाली, एकही वर्ष चुकलेलं नाही, आता शेवटचं चुकवू काय. सावनीने तिला दोन गोधड्यांत गुंडाळून गाडीत बसवलं. मी गाडी चालवली.

सेमेटरीत रस्ता साफ केलेला होता, पण कुंपणापर्यंत गुडघाभर बर्फ. व्हीलचेअर जाईना. गाडीची काच खाली करून सुचित्राने बोट दाखवलं. सावनी बर्फ तुडवत झाडापर्यंत गेली, आईने दिलेलं मोगऱ्याचं अत्तर शिंपडलं, उभी राहिली. परत आली ती पाय झटकत.

"तिथे स्टोन नाहीये, आई. लहानसा मार्करपण नाही."

"तेव्हा परवडत नव्हता," सुचित्रा म्हणाली. "मग मीच म्हटलं, असू दे. मला जागा माहितीय."

मी कधी तिला परवडत नाही असं म्हणालो होतो ते मला आठवत नाही. म्हणालो असेन.

सावनीने तिथूनच सेमेटरीच्या ऑफिसला फोन लावला. बाळाचं आडनाव सांगितलं, तारीख सांगितली. पलीकडची बाई भली होती. म्हणाली, एकोणऐंशीची रजिस्टरं तळघरात आहेत, सोमवारी काढून पाहते आणि कळवते. सावनी म्हणाली थँक यू सो मच. सुचित्राने डोळे मिटले, चेहरा शांत होता. मी हीटर वाढवला.

सोमवार म्हणजे चोवीस.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच टाकतो.

तो त्या सेमेटरीत नाही. कुठल्याच सेमेटरीत नाही.

त्याचं शवविच्छेदन आमच्याच विभागात झालं. परवानगीवर सही माझी. ते झाल्यावर ऑफिसातली बाई दुसरा फॉर्म घेऊन आली. त्यात दोन चौकोन होते, कुटुंबीय देह नेतील किंवा हॉस्पिटल व्यवस्था करील. दुपारचे चार वाजले होते. बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली. कुणाला बोलवायचं, काय म्हणायचं, मला काहीही माहीत नव्हतं. इथे भटजी नव्हता, चार माणसं नव्हती. विधी नसतात असं आई म्हणाली होती. विधी नसतात म्हणजे करायचं काहीच नसतं, असं मी धरून चाललो. आपल्याकडे असल्या लेकराला पुरतात, एवढं मला ठाऊक होतं. तरी मी दुसऱ्या चौकोनावर खूण केली. बाई म्हणाली थँक यू, डॉक्टर.

त्यानंतर पाचव्या दिवशी सुचित्राचा ताप उतरला. तिने विचारलं, कुठे ठेवलंत त्याला? मी रोज ज्या सेमेटरीवरून ड्यूटीला जायचो तिचं नाव तोंडातून निघालं. तिने विचारलं, कुठल्या जागी? कुंपणाशी एक मेपल दिसायचा. तेही सांगितलं. एवढंच झालं. पुढे तिने विचारलं नाही आणि मी बोललो नाही. मग सावनी झाली, घर झालं. कधीतरी सांगू असं पहिली काही वर्षं वाटायचं, नंतर तेही वाटेनासं झालं.

सोमवारी ती बाई फोन करणार आणि सांगणार की अशी नोंद आमच्याकडे नाही. नर्स म्हणते आठवडा आहे, कदाचित कमी. मनात काय येतं तेही लिहितो. फोन यायच्या आत सुचित्रा गेली तर बरं, असं आज दोनदा मनात आलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

सावनी किराणा आणायला गेली होती. सुचित्रा सकाळी बरी असते. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, तुला एक सांगायचंय. मग सांगितलं, काल लिहिलंय तसंच. मध्ये थांबलो नाही.

ती छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "फाडलं कोणी त्याला?"

"आमच्या चीफने."

"तू होतास?"

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तिने मला अरेतुरे कधी केलं नव्हतं. म्हटलं, "शेजारच्या खोलीत होतो."

"मग हॉस्पिटल व्यवस्था करील म्हणजे काय?"

"जाळतात."

"एकट्याला?"

उत्तर मला माहीत होतं, तिलाही बहुतेक कळलं होतं. तरी ती थांबून राहिली. म्हटलं, "नाही. विभागातून जे जे जायचं त्या सगळ्याबरोबर."

"कुठे?"

"तळघरात भट्टी होती. आता ती इमारतच नाही. अपार्टमेंट झालीत तिथे."

"राख?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

मी म्हटलं, तू आजारी होतीस, तुला झेपलं नसतं म्हणून.

"मी वर तिसऱ्या मजल्यावर होते," ती म्हणाली. "मला विचारलं असतंस तर मी नर्सच्या पाया पडून खाली आले असते. शालीत गुंडाळून घरी आणलं असतं त्याला. मागच्या अंगणात हाताने खणलं असतं. ताप होता मला. पाय होते की." मग श्वास घेऊन म्हणाली, "शेहेचाळीस वर्षं मी तिथे जाऊन बोलत होते. एकदा पाऊस होता तर छत्री धरून उभी राहिले होते. तू गाडीत बसून पेपर वाचत होतास."

मी माफी मागितली. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

म्हणाली, "सावनी आली की तिला माझ्याकडे पाठव. आणि तू बाहेर जा."

२३ फेब्रुवारी, रविवार

काल त्या दोघी दार लावून तासभर आत होत्या. आमच्या दिवाणखान्याला दार आहे हे मी विसरलोच होतो, वर्षानुवर्षं कुणी लावलं नव्हतं. सावनी बाहेर आली ती डोळे सुजलेले. सेमेटरीच्या बाईला मेसेज ठेवून सगळं कॅन्सल केलं. मी म्हटलं, सावनी, ऐक. ती म्हणाली, "नॉट नाऊ, बाबा." रात्रीचं जेवण तिने वाढलं, पण स्वतः जेवली नाही.

दर चार तासांनी मॉर्फीनचे थेंब मीच देतो. सुचित्रा तोंड उघडते, घेते, मिटते. माझ्याकडे पाहत नाही. आज रेणू आली तेव्हा तिला म्हणाली, "यांना सांग, खिडकीचा पडदा थोडा उघडा ठेवा." मी तिथेच दोन हातांवर उभा होतो. रेणूने माझ्याकडे पाहिलं. मी पडदा उघडला.

नोंदी उतरवायला बसलो होतो. एकही झाली नाही. प्रत्येक ओळीत बाप हजर.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुचित्रा सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेली. सावनी जवळ होती. मी बाहेर ड्राइव्हवेवर मीठ टाकत होतो. नर्स आता रोज येत होती, तिची गाडी घसरू नये म्हणून. आत आलो तेव्हा सावनीने तिचे डोळे मिटवले होते.

शेवटचे पाच दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. काल दुपारी मी म्हटलं होतं, सुचित्रा, काहीतरी बोल, शिवी दे हवं तर. तिच्या ओठांवर थोडी हालचाल झाली, मी वाकलो. ती पाणी मागत होती. ते मी चमच्याने दिलं.

फ्युनरल होमचा माणूस फॉर्म घेऊन आला. दाखल्यासाठी माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही लागते. मी पेन घेतलं. सावनी म्हणाली, "बाबा, आईने सांगितलंय. मी करायचंय ते." त्या माणसासमोर काय वाद घालणार. मी पेन दिलं. तिने नीट, सावकाश, सगळे रकाने भरले.

२ मार्च, रविवार

काल अंत्यसंस्कार झाले. मंडळातले साठेक लोक आले होते. सगळे म्हणत होते, डॉक्टर, तुम्ही शेवटपर्यंत केलंत तिचं. दहनाचं बटण दाबायला मला पुढे करत होते. मी सावनीला पुढे केलं. काहींना आवडलं नसावं.

आज दुपारी सावनी आईची कपाटं आवरत होती. रेणूला द्यायच्या साड्या वेगळ्या काढल्या. मी चहा केला, दोघांचा. स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. मी विचारलं, राखेचं काय ठरलं? ती म्हणाली, सगळी मी नेणार. अर्धीबिर्धी काही नाही. लेक मिशिगनमध्ये सोडायची, आई तिकडे आली की तिथे फिरायला जायची. मी म्हटलं, मी येतो. ती कपाकडे पाहत म्हणाली, "नको."

मग स्वतःहून बोलली. "त्या दिवशी आईने मला त्याचं नाव सांगितलं."

"कोणाचं?"

"दादाचं."

मला समजेना. म्हटलं, नाव ठेवलंच नव्हतं. बारसं झालं नव्हतं.

"तिने ठेवलं होतं. हॉस्पिटलमध्येच, तो तिच्याजवळ असताना, कानात सांगितलं होतं. बारा दिवस पूर्ण झाले की तुम्हाला सांगणार होती. मग तो गेला, आणि तुम्ही म्हणालात आता त्याच्याबद्दल बोलायचं नाही. म्हणून नाही सांगितलं."

"काय नाव?"

सावनी म्हणाली, "बाबा, आय ॲम सॉरी. आईने मला शपथ घातलीय. तुम्हाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, ती आता नाही. ती म्हणाली, म्हणूनच.

४ मार्च, मंगळवार

सावनीला लोगन विमानतळावर सोडून आलो. राखेचा डबा तिने पाठीवरच्या बॅगेत ठेवला होता, सिक्युरिटीसाठी कागद हातात. गाडीत मी पुन्हा विचारलं. म्हटलं, मी कोणाला सांगणार नाही, कुठे लिहिणार नाही, मला फक्त ऐकायचंय. ती खिडकीबाहेर पाहत होती. उतरल्यावर फुटपाथवर परत विचारलं, आजूबाजूला लोक होते तरी. म्हटलं, निदान पहिलं अक्षर सांग. ती रडायला लागली. मला मिठी मारली, बराच वेळ धरून ठेवलं, आणि आत गेली.

घरी आलो. पलंग हॉस्पिसवाले उद्या नेणार आहेत. मघापासून एकच हिशेब डोक्यात चाललाय. शेहेचाळीस वर्षं ते नाव माझ्याच घरात होतं. माझ्यासमोर पोळी वाढताना, गाडीत शेजारी बसलेली असताना, ती मनात त्याला त्या नावाने हाक मारत असणार. मला कधी काही ऐकू आलं नाही. आता ते सावनीकडे आहे. आता रोज नाही, रविवारी तिचा फोन येईल, तेव्हा मी पुन्हा विचारीन, त्याच्या पुढच्या रविवारीही विचारीन. ती सांगणार नाही. आईचीच मुलगी आहे ती.